महिंद्रा युनायटेडचा इतिहास कूपरेजवर आणा: विफाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन (विफा),
कूपरेज, मुंबई

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रातल्या कोणत्या क्लबने फुटबॉलची राष्ट्रीय लीग सर्वांत आधी जिंकली, हा प्रश्न मैदानावर सरावाला येणाऱ्या मुलांना विचारून बघा. बहुतेक जण मुंबई सिटीचं नाव घेतील. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग मुंबई सिटीने जिंकली, ती या मुलांनी टीव्हीवर पाहिली. त्यांना दोष कसा देणार? पण त्याच्या पंधरा वर्षं आधी, २००५-०६ मध्ये, मुंबईच्याच एका क्लबने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती, आणि त्याच मोसमात फेडरेशन कपही. त्या क्लबचं घरचं मैदान होतं कूपरेज आणि नाव होतं महिंद्रा युनायटेड.

२०१० मध्ये हा क्लब बंद झाला. यापुढे शालेय आणि कुमार वयाच्या फुटबॉलवर भर द्यायचा, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. त्या निर्णयाचं मला तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं. पण त्याचा जाब मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. क्लब चालवायचा की नाही हा मालकाचा अधिकार आहे. त्या क्लबने मुंबईला जे दिलं ते मात्र मालकाच्या सहीने पुसलं जात नाही. ते कोणीतरी सांभाळायला हवं, आणि महाराष्ट्राच्या फुटबॉलची पालक संस्था म्हणून ते काम तुमचं आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

क्लबची स्थापना १९६२ ची, महिंद्रा अँड महिंद्राचा स्पोर्ट्स क्लब म्हणून. मुंबईत तेव्हा आणि पुढे कित्येक वर्षं फुटबॉल कंपन्यांच्या, बँकांच्या आणि रेल्वेच्या जिवावर चालला. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, सेंट्रल आणि वेस्टर्न रेल्वे, आरसीएफ, एअर इंडिया, महाराष्ट्र पोलीस. मुंबईच्या स्थानिक हार्वूड लीगची पत्रकं म्हणजे या शहरातल्या नोकऱ्यांची यादीच असायची. माहीम, वांद्रे, धारावी, माझगाव, परळ अशा वस्त्यांतल्या पोरांना खेळाडू म्हणून नोकरी लागायची. सकाळी सराव, मग हजेरी, संध्याकाळी सामना. घरात पगार येऊ लागला की फुटबॉलला नावं ठेवणारे वडील गप्प बसायचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबईत खेळला. महाराष्ट्राने १९९९-२००० चा संतोष करंडक जिंकला, त्या संघाच्या मागेही हीच नोकरदार खेळाडूंची परंपरा होती.

महिंद्राचा संघ या गर्दीत बराच काळ चार संघांसारखा एक संघ होता. त्याला देशभर नाव मिळालं ते १९९८ मध्ये, दिल्लीला ड्युरँड कप जिंकल्यावर. ड्युरँड ही १८८८ पासूनची स्पर्धा, देशातली सर्वांत जुनी. त्याच सुमाराला राष्ट्रीय लीग सुरू झाली होती. हजेरीपटावरच्या खेळाडूंवर भागण्याचे दिवस संपत आले होते. करार, परदेशी खेळाडू, पूर्णवेळ प्रशिक्षक यांशिवाय टिकणं अवघड होतं. मुंबईतल्या कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या अनेक संघांनी हा बदल बाहेर उभं राहून पाहिला. महिंद्राने तो अंगावर घेतला. २००० मध्ये क्लबने नाव बदललं, महिंद्रा युनायटेड झाला. कंपनीचा संघ ते व्यावसायिक क्लब हा प्रवास महाराष्ट्रात इतक्या ठामपणे त्याआधी कोणी केला नव्हता, असं माझं मत आहे. या क्लबचं खरं मोठेपण मला करंडकांपेक्षाही यात दिसतं.

करंडकही कमी नव्हते. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड. २००३ मध्ये फेडरेशन कप, २००५ मध्ये पुन्हा. २००६ आणि २००८ मध्ये कोलकात्याची आयएफए शिल्ड. २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड. कोलकात्यात जाऊन शिल्ड दोनदा आणणं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या जुन्या खेळाडूंना मी सांगायला नको. २००७ च्या एएफसी कपमध्ये हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत मुंबईचं नाव लागलं आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये त्यावर बोलणारं कोणी भेटलं नाही, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

२००५-०६ चा संघ मात्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. प्रशिक्षक डेरिक परेरा, गोव्याचे, साळगावकर क्लबकडून आणि भारताकडून बचावफळीत खेळलेले. पुढे ब्राझीलचा होजे रामिरेझ बरेटो, ज्याला मोहन बागानच्या लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, आणि घानाचा युसिफ याकुबू. उजव्या कडेला मुंबईचा स्टीव्हन डायस. जुन्या कूपरेजवर प्रेक्षक आणि मैदान यांच्यात फार अंतर नव्हतं. खालच्या बाकांवर बसलं की गोलरक्षकाने बचावपटूंना मारलेल्या हाका ऐकू यायच्या, ओल्या मैदानावर बूट घासल्याचा आवाज यायचा. डायस कडेच्या रेषेला धरून सुटला की तो ओलांडून जाईपर्यंत आमच्या रांगेतलं कोणी बोलायचं नाही. क्रॉस मारण्याआधी तो एकदाच मान वर करून बघायचा. बरेटो तोवर बचावपटूच्या पाठीमागून पुढे आलेला असायचा, आणि कसा आला हे समजेपर्यंत गोल झालेला असायचा.

गोव्याचे क्लब आले की कूपरेजची हवाच बदलायची. धोबीतलावच्या कुडींमधून, म्हणजे गोव्याहून आलेल्यांच्या सामूहिक बिऱ्हाडांमधून, माहीम-वांद्र्याहून गोंयकार मंडळी यायची. धेंपो किंवा चर्चिल ब्रदर्सच्या बाजूने कोंकणीतून आरडाओरडा चालायचा, इकडून मराठी-हिंदीतून उत्तरं जायची. मध्यंतराला तीच माणसं एकाच टपरीवर कटिंग घेत पहिल्या अर्धाच्या ऑफसाइडवरून हुज्जत घालायची. व्यावसायिक क्लबला घरचे प्रेक्षक मिळतात ते असे, हळूहळू, एकेका रविवारी. आम्ही संख्येने थोडे होतो हे खरं आहे. कोलकात्याच्या साल्ट लेक स्टेडियमची गर्दी आमच्याकडे कधीच नव्हती. पण होतो.

आणि या क्लबने भारताला काय दिलं? २००७ च्या नेहरू कपच्या अंतिम सामन्यात सीरियाविरुद्ध भारताचा एकमेव गोल एन. पी. प्रदीपने मारला, आणि आपण जिंकलो. प्रदीप तेव्हा महिंद्राचा खेळाडू होता. खालिद जमील १९९७ मध्ये याच क्लबात दाखल झाला. एअर इंडियात जाऊन पुन्हा महिंद्रात परतला, शेवटी मुंबई एफसीकडून खेळला. म्हणजे सगळी कारकीर्द मुंबईच्या क्लबांत. प्रशिक्षक म्हणून त्याने २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीग (राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली स्पर्धा) जिंकून दिली, आणि २०२५ मध्ये त्याची भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. तो घडला कुठे, हे सांगायला गेलं तर बोट या क्लबाकडे जातं. आणि तो क्लब कुठे आहे, असं कोणी विचारलं तर दाखवायला काही नाही.

माझ्याकडे वर्तमानपत्रातल्या कात्रणांची एक फाइल आहे. त्यात महिंद्राच्या संघाचा एक जुना फोटो आहे. डिंकाने चिकटवलेला, कडा तपकिरी झालेल्या, मागच्या बाजूचा क्रिकेटचा धावफलक कागदातून उमटलेला. खाली ओळ आहे: उभे, डावीकडून. पहिली चार आडनावं वाचता येतात. पुढचा कागद घडीवर फाटला आहे. बसलेल्या रांगेत उजवीकडून दुसरा एक पोरगेलासा खेळाडू आहे, गुडघ्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारा. त्याचं नाव मी जुन्या प्रेक्षकांना विचारलं, एकदोन माजी खेळाडूंनाही दाखवलं. कोणी म्हणालं हा रेल्वेतून आलेला, कोणी म्हणालं तो नव्हेच. ज्या क्लबने पुढे देश जिंकला, त्याच्या जर्सीत बसलेल्या या माणसाचं नाव आज सांगता येत नाही. तो कदाचित या शहरात कुठेतरी राहतही असेल.

लीगच्या काळातले निकाल आणि गुणतक्ते मिळतात, तेही हौशी लोकांनी रात्र रात्र बसून जमवले म्हणून. १९६२ ते १९९६ मधलं काय? हार्वूड लीगमध्ये हा संघ कोणत्या साली कितवा आला, कोणाला नमवून वर चढला, पहिला कर्णधार कोण, पहिला प्रशिक्षक कोण? साध्या प्रेक्षकाला हे शोधायचं असेल तर तो जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांपाशीच जाणार, आणि तिथे स्थानिक फुटबॉलला चार ओळी मिळालेल्या असणार.

हा प्रश्न एकट्या महिंद्राचा नाही, म्हणून तो तुमच्यापुढे आणतो आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ ते २००६-०७ अशी अकरा मोसम चालली आणि सहा क्लबांनी ती जिंकली: जेसीटी, मोहन बागान, साळगावकर, ईस्ट बंगाल, धेंपो आणि महिंद्रा युनायटेड. महिंद्रा २०१० मध्ये बंद झाला. पहिला विजेता जेसीटी पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये. साळगावकर आणि धेंपो यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. धेंपो बऱ्याच वर्षांनी, २०२४-२५ मध्ये परतला, याचा आनंद आहे. पण मधल्या काळात त्या सहांपैकी राष्ट्रीय पातळीवर कोलकात्याचे दोनच उरले होते. ते उरले कारण त्यांच्यामागे सभासद आहेत, मोहल्ले आहेत, आजोबा-नातू आहेत. बाकीच्यांमागे एक समूह होता आणि त्या समूहाचं एक अंदाजपत्रक होतं.

पुण्याचं तर बघवत नाही. पुणे एफसी २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने काढला. २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग मोसमात तिसरा आला, प्रशिक्षक पुन्हा डेरिक परेराच. २०१२-१३ मध्ये उपविजेता. २०१५ मध्ये संपला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळून २०१७ मध्ये थांबला. इंडियन सुपर लीगचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. मुंबई एफसीही २०१६-१७ ला खालच्या श्रेणीत घसरला आणि मग दिसेनासा झाला. म्हणजे दहा वर्षांत महाराष्ट्रातले पाच व्यावसायिक क्लब गेले. प्रत्येक वेळी मोठं उद्घाटन झालं, जर्सीचं अनावरण झालं, मुलांनी त्या जर्सी विकत घेतल्या. निरोप मात्र एका प्रसिद्धीपत्रकावर उरकला.

याच राज्यात कोल्हापूरही आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. यांच्यामागे कुठली मोठी कंपनी नाही. पेठ आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकानाचं शटर अर्ध्यावर येतं, आणि कोणत्या साली कोणी कोणाला कोणत्या कोपऱ्यातून गोल मारला हे पानाच्या टपरीवरचा माणूस सांगतो. तिथला इतिहास लोकांच्या तोंडी आहे, कारण क्लब लोकांचा आहे. कोल्हापूरने व्यावसायिक फुटबॉल उभा केलेला नाही, तो वेगळा विषय, आणि तिथली हाणामारीही मला मान्य नाही. पण क्लब मरू कसा द्यायचा नाही, हे शिकायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही, पुणे-बंगळूर रस्ता पुरेसा आहे.

युरोपातलं एक उदाहरण तरीही सांगतो, कारण ते नेमकं याच बाबतीतलं आहे. लंडनचा विम्बल्डन क्लब मालकांनी २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला. त्याच्या आदल्या वर्षी, स्थलांतराला परवानगी मिळताच, समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब काढला होता. पुढे वाटाघाटी झाल्या आणि २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबने जुन्या विम्बल्डनचा वारसा, १९८८ च्या एफए कपच्या प्रतिकृतीसह, विम्बल्डन ज्या भागात येतं त्या मर्टनच्या स्थानिक प्रशासनाकडे सोपवला. क्लबची मालकी एकीकडे आणि इतिहासाचा हक्क दुसरीकडे, हे तिथे कागदावर मान्य झालं. आपल्याकडे असा वादच नाही. महिंद्राच्या इतिहासावर दुसरा कोणी हक्क सांगत नाही. मागितलं तर मिळेल अशी स्थिती आहे, म्हणून तर मागायला हवं.

तर माझं मागणं असं आहे. विफाने कंपनीला अधिकृत पत्र लिहावं आणि क्लबचे करंडक, फोटो, संघयाद्या, जर्सी, सामन्यांची चित्रफीत यांपैकी जे त्यांच्याकडे जपलेलं असेल ते कूपरेजवर कायम मांडण्यासाठी मागावं. मूळ वस्तू देता येत नसतील तर प्रती. कंपनी नाही म्हणेल असं मला वाटत नाही. त्यांनाही त्या संघाचा अभिमान असणार. सोबत टाटांचं, कॅल्टेक्सचं, मफतलालचं, ऑर्केचं, मुंबई एफसीचंही जमा करा. १८९१ ते २०००-०१ पर्यंत चाललेल्या रोव्हर्स कपचंही. त्यासाठी भव्य संग्रहालय नको. मैदानात येणाऱ्या मुलाला बूट बांधता बांधता वाचता येईल अशी एक भिंत पुरेल. मात्र तिच्यावर नावं पूर्ण हवीत, पूर्ण संघाची, राखीव खेळाडूंसकट. करंडक हातात धरलेल्या कर्णधाराचा फोटो कुठेही मिळतो.

दुसरं, पुढच्यासाठी. यापुढे महाराष्ट्रातून जो समूह व्यावसायिक क्लब काढेल त्याच्याकडून विफाने नोंदणीच्या वेळीच लिहून घ्यावं की क्लब बंद करायचा असेल तर एक पूर्ण मोसम आधी कळवलं जाईल, कुमार गटातल्या मुलांची दुसऱ्या क्लबात सोय लावली जाईल, आणि क्लबचं नाव, बोधचिन्ह, जर्सीचा रंग आणि नोंदी राज्य संघटनेकडे विश्वस्त म्हणून दिल्या जातील. उद्या समर्थकांनी किंवा दुसऱ्या कोणी तोच क्लब पुन्हा उभा करायचं ठरवलं तर त्यांना रिकाम्या हाताने सुरुवात करावी लागू नये. लीगचे नियम दिल्लीत ठरतात, राज्य संघटनेचे हात बांधलेले असतात, हे मला माहीत आहे. पण संलग्नता तुमच्या सहीने मिळते. अट घालायची ती जागा तीच आहे.

यातलं पहिलं काम या महिन्यातच हाती घ्या, अशी कळकळीची विनंती आहे. तुमच्याकडे जुन्या हार्वूड लीगच्या नोंदणीवह्या असतील तर त्यांतून नावं निघतील. माजी खेळाडूंपैकी बरेच जण अजूनही शहरातल्या मैदानांवर मुलांना शिकवतात, ते पत्ते देतील. कात्रणं, फोटो, तिकिटं आमच्यासारख्या प्रेक्षकांकडे पडून आहेत, नुसतं आवाहन केलंत तरी लोक घेऊन येतील. मोबाइलवर मुलाखती घ्यायला महाविद्यालयातली मुलं आनंदाने तयार होतील. १९६२ च्या संघात जो विशीत होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे. पहिल्या मुलाखती त्यांच्या घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कूपरेजचा एक जुना प्रेक्षक